नियम आहेत, भाकीत नाही

सराळ्याचे म्हाइंभट डोमेग्रामला चक्रधरस्वामींकडे आले ते शिष्यत्व पत्करायला नव्हे, वादात जिंकायला. ते प्राभाकर मीमांसेचे पंडित होते. सुट्या शब्दांचे अर्थ जोडून वाक्याचा अर्थ होतो, की वाक्यात गुंफल्यावरच शब्दाला अर्थ येतो, हा प्रश्न त्या शास्त्राने शतकानुशतके तावूनसुलाखून काढला होता. वादात हरलेल्या या पंडिताने पुढे जे केले, ते मराठीच्या दृष्टीने कोणत्याही शास्त्रार्थाहून मोठे ठरले. ते गावोगाव हिंडले, स्वामींना पाहिलेल्या माणसांना त्यांनी गाठले आणि कोण काय बोलले, कसे बोलले, ते टिपून घेतले. त्यातून ‘लीळाचरित्र’ उभे राहिले. तेराव्या शतकातल्या मराठी माणसांचे बोलणे त्यांच्याच तोंडच्या वळणाने आज आपल्याला ऐकू येते ते त्यामुळे. डोमेग्राम म्हणजे आजच्या श्रीरामपूर तालुक्यातले कमालपूर.

वाक्याचा काटेकोर तर्क जाणणारा माणूस लोकांचे बोलणे ऐकायला पायी निघतो, या प्रवासात या पुस्तकाचा विषय आला आहे. भाषा समजून घ्यायची तर तिला तर्काची रचना मानावे, की गेल्या शतकाच्या उत्तरार्धात गणिताने घडवलेल्या केऑस सिद्धान्ताच्या नजरेने पाहावे? हा प्रश्न परदेशी विद्यापीठांत बराच चर्चिला गेला आहे. मी तो इथे मुद्दाम एका जिल्ह्याच्या मातीवर मांडतो आहे. या जिल्ह्याचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर आहे, बोलण्यात अजून नगरच येते. क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा असलेला हा जिल्हा मराठीच्या जडणघडणीची इतकी साधने बाळगून आहे की दुसरीकडे जाण्याची गरजच पडू नये.

माझे मत आधीच सांगतो. भाषेतले प्रत्येक पाऊल नियमाने पडते, आणि तरीही ती कुठे पोहोचेल हे त्या नियमांवरून सांगता येत नाही. या दोन विधानांत विरोध नाही. तो आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी तर्काला फार मोठे केले आहे किंवा केऑसचा अर्थ चुकीचा घेतला आहे.

तर्काच्या बाजूचे कर्तृत्व खरोखर थोर आहे. पाणिनीने सुमारे चार हजार सूत्रांत संस्कृतची घडण बांधली आणि दोन सूत्रांची टक्कर झाली तर कोणते लागावे, तेही सूत्रानेच ठरवले. मराठीत दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ मध्ये व्याकरण छापले आणि ‘मराठीचे पाणिनी’ ही ओळख मिळवली. हेच दादोबा पुढे डेप्युटी कलेक्टर म्हणून नगरला होते. त्यांचे व्याकरण इंग्रजी व्याकरणाच्या साच्यावर बेतलेले होते. तो साचा मराठीला कुठे बसतो आणि कुठे काचतो, याची चर्चा पुढे पाऊणशे वर्षे चालली आणि १९११ साली मोरो केशव दामल्यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त ती एका उंचीला पोहोचली. तिकडे जर्मनीत १८७९ मध्ये फ्रेगे यांनी विचारासाठी चिन्हांची एक शुद्ध लिपीच रचली. १९५७ मध्ये नोम चॉम्स्कींनी वाक्यरचनेचे नियम गणितासारखे मांडले. रिचर्ड माँटेग्यू यांनी तर १९७० मध्ये स्पष्टच म्हटले की माणसांची भाषा आणि तर्कशास्त्रज्ञाची कृत्रिम भाषा यांत तत्त्वतः फरक नाही.

हा दावा हवेतला नाही. ‘सगळी पोरं आली नाहीत’ हे वाक्य घ्या. एकही पोर आले नाही, असा त्याचा अर्थ होतो. काही आली, काही राहिली, असाही होतो. आपण बोलताना आवाजाच्या चढउताराने ते निभावून नेतो, पण नेमके काय निभावले हे सांगता येत नाही. तर्कशास्त्र ते सांगते: ‘सगळी’ची सत्ता ‘नाही’वर चालते की ‘नाही’ची सत्ता ‘सगळी’वर, एवढाच फरक आहे. एका वाक्याच्या पोटात दोन सांगाडे आहेत आणि ते दोन्ही कागदावर काढून दाखवता येतात.

प्रयोगांचे प्रकरण याहून सुंदर आहे. रामाने आंबा खाल्ला, चिंच खाल्ली, बोर खाल्ले. मुलीने मुलाला ओढले. शाळेत हे कर्मणी आणि भावे म्हणून पाठ करून घेतात आणि मुलांना ते डोईजड होते. पण नियम एका श्वासात सांगण्याइतका लहान आहे. ज्या नामाला प्रत्यय नाही, त्याच्या मागे क्रियापद जाते. दोन्ही नामांना प्रत्यय असेल तर क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनात थांबते. निरक्षर माणूसही यात चुकत नाही. इतकी नेटकी यंत्रणा पाहिल्यावर भाषा म्हणजे तर्कच, असे कुणाला वाटले तर त्याला दोष देता येणार नाही.

आता ‘राम छत्री विसरला’ हे वाक्य पाहा. छत्री हे कर्म आहे, काळ भूतकाळ आहे, पण रामाला ‘ने’ लागला नाही आणि क्रियापद छत्रीकडे ढुंकून पाहत नाही. शिकणे, बोलणे, समजणे ही क्रियापदेही याच पंक्तीतली. ‘प्यालो’ आणि ‘प्यायलो’ अशी तर एकाच घरात दोन रूपे ऐकू येतात. व्याकरणकार या क्रियापदांची यादी देतात. ती पाठ केली की चूक होत नाही, मात्र यादी हीच का, याचे उत्तर नियमात सापडत नाही. ते इतिहासात शोधावे लागते. संस्कृतात ‘रामाकडून आंबा खाल्ला गेला’ या धर्तीची, धातुसाधिताची एक रचना होती. प्राकृतांतून येता येता तीच भूतकाळ सांगायची मुख्य रीत होऊन बसली, आणि काही क्रियापदे तिच्या कह्यात आली नाहीत. असेच व्हायला हवे होते, असा कोणताही तर्क नाही. झाल्यानंतर मात्र त्यातून एक काटेकोर व्यवस्था तयार झाली आणि ती शतकानुशतके चालली.

इथे केऑस सिद्धान्त कामाला येतो. पण त्याआधी एक गैरसमज काढायला हवा. केऑस म्हटले की अनागोंदी डोळ्यांपुढे येते. गणितातला केऑस नियमांनी पूर्ण बांधलेला असतो. त्यात दैवाला, फाशांना जागाच नसते. १९६१ साली अमेरिकेत एडवर्ड लॉरेन्झ हे हवामानशास्त्रज्ञ संगणकावर हवामानाचे एक प्रारूप चालवत होते. आधीचा हिशेब मधूनच पुन्हा सुरू करायचा म्हणून त्यांनी छापील कागदावरचे आकडे भरले. संगणकाच्या पोटात ०.५०६१२७ असा आकडा होता, कागदावर जागा वाचवण्यासाठी ०.५०६ छापलेला होता. समीकरणे तीच, यंत्र तेच. थोडा वेळ दोन्ही हवामाने जोडीने चालली, मग फाकत गेली आणि शेवटी त्यांचा एकमेकांशी काही संबंध उरला नाही. १९६३ मध्ये लॉरेन्झ यांनी केवळ तीन समीकरणांत हे दाखवून दिले. नियम पक्के आणि तरीही दूरचे भाकीत अशक्य, कारण सुरुवातीची स्थिती कधीच पुरेशी नेमकी कळत नाही.

त्या शोधाचा दुसरा भाग फारसा सांगितला जात नाही, आणि भाषेसाठी तोच जास्त मोलाचा आहे. लॉरेन्झ यांच्या समीकरणांची वाट कधी स्वतःला गिरवत नाही, पण ती एका ठरावीक आकाराच्या बाहेरही जात नाही. अमुक तारखेला पाथर्डीत पाऊस पडेल का, हे महिनाभर आधी कुणी सांगू शकत नाही. पण सह्याद्रीच्या माथ्यावरच्या घाटघर-रतनवाडीला पाऊस कोसळणार आणि पूर्वेकडे पाथर्डी-जामखेडला त्याचा लहानसा अंशच पोहोचणार, हे दरवर्षी आधीच ठाऊक असते. दिवस हाती लागत नाही, हवामानाचा घेर लागतो.

हे भाषेला लावून पाहण्यासारखा एक प्रयोग या जिल्ह्यात इतिहासानेच करून ठेवला आहे. तेराव्या शतकाच्या शेवटच्या पावशतकात गोदावरी-प्रवरेच्या एकाच टापूशी जोडलेले मराठीचे दोन महाग्रंथ निर्माण झाले. एक म्हाइंभटांचे ‘लीळाचरित्र’, दुसरा १२९० मध्ये, म्हणजे शके १२१२ मध्ये, नेवाशाला सांगितलेली ‘ज्ञानेश्वरी’. काळ जवळजवळ एक, प्रदेश एक, भाषा एक. पुढची वाट मात्र पूर्ण वेगळी.

‘ज्ञानेश्वरी’ लोकांच्या ओठी गेली. जी पोथी हजारो माणसे म्हणतात, ऐकतात, उतरवून घेतात, तिच्यात प्रत्येक पिढीची जीभ थोडी थोडी मिसळते. कुणाला जुने रूप कळले नाही म्हणून त्याने ओळखीचे घातले, कुणी ओळ सोडली, कुणी आपली ओवी जोडली. तीनशे वर्षांत पाठ इतका फाकला की १५८४ मध्ये पैठणच्या एकनाथांना प्रती जमवून तो शुद्ध करावा लागला आणि यापुढे कुणी भर घालू नये अशी ताकीद लिहावी लागली. विसाव्या शतकात इतिहासाचार्य राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून एक प्रत प्रसिद्ध केली. तिच्या जुनेपणाबद्दल विद्वानांत वाद झाला. तीत दिसणारी भाषा आणि वारकऱ्यांच्या पारायणातली भाषा यांत किती अंतर आहे, हे ज्याने दोन्ही शेजारी ठेवून वाचले त्याला सांगायला नको.

चक्रधरांच्या महानुभाव पंथाने मात्र आपले ग्रंथ बंद केले. चौदाव्या शतकात रवळोबासांनी सकळ लिपी रचली, पुढे आणखी सांकेतिक लिप्या आल्या, आणि पंथाबाहेरच्या डोळ्यांना पोथी म्हणजे नुसत्या खुणा झाल्या. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्यांच्या खटपटीने विसाव्या शतकाच्या आरंभी ते दार उघडले, तेव्हा आतली मराठी इतकी ताजी निघाली की अभ्यासक थक्क झाले. तीही अगदी अस्पर्श नव्हती, हे सांगितले पाहिजे. यादवांच्या राज्यावरच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ ‘लीळाचरित्र’ हरवले आणि आठवणीतून पुन्हा सिद्ध केले, असे परंपरा सांगते. त्याचे पाठभेद आहेतच. पण ते थोड्या हातांमधून आले, म्हणून त्यांचे फाकणे मर्यादित राहिले.

याही आधीचा एक क्षण मला सतत खुणावतो. पंथाचे आचार्य नागदेव यांच्यापुढे केशोबास संस्कृतात लिहिण्याचा मानस घेऊन आले होते. नागदेवांनी त्यांना अडवले, कारण त्या भाषेमुळे पंथातल्या साध्या म्हाताऱ्या बायका स्वामींच्या वचनांना मुकल्या असत्या. चार माणसांतली ही गोष्ट. पण हे पंडित संस्कृतकडे वळले असते तर मराठी गद्याची सुरुवात कुठून धरावी लागली असती, याची कल्पना करवत नाही.

अशा कथा सांगताना मी स्वतःला एक इशारा देत असतो आणि वाचकांनाही देतो. वाढलेली लहान कारणेच आपल्याला दिसतात. त्याच काळात तितकेच लहान असे हजार निर्णय कुठेतरी झाले असतील आणि विरून गेले असतील. त्यांची नोंद कुणी ठेवली नाही. मागे वळून पाहणाऱ्याला प्रत्येक वळण भवितव्याचे वाटते. म्हणून सूक्ष्म कारणाचा मोठा परिणाम झाला, एवढे म्हणून भागत नाही. तो परिणाम कोणत्या वाटेने वाढला, हे दाखवावे लागते.

ती वाट लहान मुलांच्या तोंडून जाते, असे माझे ठाम मत आहे. म्हाइंभटांच्या मीमांसेने हे ओळखले होते. वडीलधारा माणूस ‘गाय आण’ म्हणतो, दुसरा गाय आणतो. मग ‘गाय बांध’, मग ‘घोडा आण’. बाजूला बसलेले मूल काय बदलले आणि काय तसेच राहिले हे जुळवत जाते आणि शब्दांचे अर्थ हाती लावून घेते. मूल हे मोठे तर्कशास्त्रज्ञ असते. घराघरांतली दोन-तीन वर्षांची पोरे ‘केलं’ऐवजी ‘करलं’ म्हणतात. हे रूप त्यांनी कुणाकडून ऐकलेले नसते. ‘धरलं’, ‘भरलं’ यांवरून त्यांनी नियम काढलेला असतो आणि तो नियमाच्या दृष्टीने निर्दोष असतो. पुढे ती ‘केलं’ शिकतात. पण प्रत्येक पिढीत काही रूपे अशी निसटतात की ती दुरुस्त होत नाहीत, आणि मग दुरुस्त करणारेच तसे बोलू लागतात.

शिकागो विद्यापीठातले संगणकशास्त्रज्ञ पार्थ नियोगी यांनी हीच गोष्ट गणितात मांडली. त्यांचे मुख्य पुस्तक २००६ मध्ये आले आणि २०१० मध्ये ते अकाली गेले. प्रत्येक मूल आसपासच्या वाक्यांवरून व्याकरण अनुमानाने काढते, हे त्यांनी गृहीत धरले, आणि असे अनुमान पिढ्यानपिढ्या, साऱ्या समाजात चालू राहिले तर काय होते याचा हिशेब केला. उत्तर सरळ रेषेत येत नाही. वाक्यांचे प्रमाण थोडे थोडे सरकत असते, बराच काळ काही घडत नाही, आणि एक उंबरठा ओलांडला की सबंध समाजाचे व्याकरण दुसरीकडे झुकते. एका मुलाच्या डोक्यात तर्क, सगळ्या गावाच्या तोंडात अरेषीय गती. माझ्या मते या प्रश्नावर आजवर झालेल्या कामात हे सर्वांत महत्त्वाचे आहे.

याची खूण जिल्ह्याच्या नकाशावर दिसते. अकोले-संगमनेरच्या बाजूला जुन्नरकडच्यासारखे ‘मपलं-तुपलं’ ऐकू येते, पूर्वेला मराठवाड्याच्या शेजारी ‘महं-तुहं’ येते, आणि शाळा-कचेरीत ‘माझं-तुझं’. दक्षिणेला कर्जत-जामखेड ओलांडून सोलापूरकडे उतरत गेले की कानडीच्या शेजारात ‘मी काम केलो’ असे वाक्य भेटते. म्हणजे वर ज्याची मी इतकी तारीफ केली तो प्रयोगांचा नियमच तिथे सैल पडलेला आहे, आणि बोलणाऱ्याला त्यात काही चुकल्यासारखे वाटत नाही. यातले कोणते रूप कुठवर सरकेल, हे कुणी सांगू शकत नाही. मात्र यातल्या एकाही बोलीत ‘घरात’चे ‘तघर’ होत नाही. क्रियापद वाक्याच्या शेवटाकडे ओढ घेते, विभक्ती नामाच्या मागे लागते. लॉरेन्झ यांच्या आकृतीसारखा घेर आहे आणि त्या घेरात मोकळी वाट आहे.

नवा अर्थ जन्मताना पाहायचा असेल तर उसाच्या फडात जावे. १९५०च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला. कारखाने वाढले तशा पाथर्डी, जामखेड आणि शेजारच्या बीडमधून तोडणीच्या टोळ्या निघू लागल्या. तिथे ‘कोयता’ म्हणजे हत्यार, आणि ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडीही. मुकादम ज्यावर उचल देतो तो हिशेब कोयत्यांत होतो, आणि एकटे माणूस आले तर ते ‘अर्धा कोयता’. लोखंडी हत्याराचे अर्धे करता येत नाही. पण एकदा कोयत्याचा अर्थ जोडी झाला की त्याचे अर्धे एक माणूस, हा हिशेब बिनचूक आहे. अर्थ अशी उडी घेईल, हे आधी कुणालाही सांगता आले नसते. उडी घेताक्षणी तर्काने त्याचा ताबा घेतला. त्या हिशेबात बाईच्या श्रमाला स्वतंत्र नाव उरत नाही, ही गोष्टही त्याच शब्दात कोंडली गेली. भाषेच्या अभ्यासकाने ती ओलांडून पुढे जाऊ नये.

छापील मराठीचीही अशीच वळणे नगरने पाहिली. अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये इथे आले, १८४२ मध्ये इथूनच ‘ज्ञानोदय’ निघाला. परभाषकांनी कोश आणि व्याकरणे उघडून घडवलेले ते गद्य होते. त्याच मिशनच्या परिसरात पुढे लक्ष्मीबाई टिळक आल्या. त्यांना अक्षरओळख लग्नानंतर झाली, आणि त्यांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ दरम्यान प्रसिद्ध झाली. मराठी गद्याच्या उत्तम नमुन्यांत आज त्यांचे नाव आधी येते. नियम शिकून लिहिलेले आणि कानाने शिकून लिहिलेले असे दोन प्रवाह एकाच आवारातून निघाले.

आता या दृष्टीची मर्यादा. केऑस हा शब्द गणितात वापरायचा तर समीकरणे लागतात आणि मोजता येणारी स्थिती लागते. मराठीची आजची स्थिती कोणत्या आकड्यांत मांडायची, हे अजून ठरलेले नाही. त्यामुळे भाषा केऑटिक आहे असे सिद्ध झाले, असे जो म्हणेल त्याच्यावर विश्वास ठेवू नये. नियोगींसारखी प्रारूपे लहान आहेत, दोन व्याकरणांच्या स्पर्धेपुरती. पण तर्कवाद्यांची मर्यादाही तितकीच खरी आहे. त्यांचे व्याकरण एका क्षणाचे, एका आदर्श भाषकाचे चित्र असते, आणि असा भाषक नेवाशात, कमालपुरात किंवा पाथर्डीत कुणी पाहिलेला नाही.

म्हणून पुढच्या अभ्यासाची दिशा मला टिपण्याकडे, मोजण्याकडे जाताना दिसते. ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीचा खंड १९०५ मध्ये आला. अलीकडे डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी बोलींचे जे सर्वेक्षण केले, त्यात जिल्ह्याजिल्ह्यांतले प्रत्यक्ष बोलणे ध्वनिमुद्रित झाले आहे. आता गरज आहे ती तीच माणसे आणि त्यांची मुले काही वर्षांच्या अंतराने पुन्हा ऐकण्याची. दिवाळीच्या सुमारास टोळीबरोबर निघणारे पाथर्डीचे मूल पाच-सहा महिने दुसऱ्या मुलखातल्या पालावर काढते, तिथल्या पोरांशी खेळते आणि पावसाळ्याआधी गावी परतते. ते ‘महं’ म्हणत गेले होते का, काय म्हणत परत आले, ‘मी भाकरी खाल्ली’ या वाक्यात त्याचे क्रियापद भाकरीमागे गेले की त्याच्या स्वतःमागे, आणि पुढच्या हंगामात त्याच्या धाकट्या बहिणीने त्यातले काय उचलले, एवढे जरी वर्षानुवर्षे एका वहीत नोंदले गेले, तरी या पुस्तकातल्या अर्ध्या वादांना खरा आधार मिळेल.